आजी जशी होती तशी

‘माझी आजी’ हा निबंध मी इतक्या वह्यांमधून तपासला आहे की पहिलं वाक्य वाचलं की पुढची पाच न वाचता सांगता येतात. माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती रोज देवपूजा करते. ती मला गोष्टी सांगते, खाऊ देते. ती कधीच रागवत नाही. मला माझी आजी खूप आवडते. नाव, गाव, इयत्ता बदलते. आजी तीच राहते. एका वर्षी मात्र तिसरीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘माझी आजी भाजीवाल्याशी भांडते, आत्याशी पण भांडते आणि मी तिच्या बाजूने असतो.’ मी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला आणि सगळा वर्ग बोलायला लागला. एकीची आजी पहाटे चारला उठून कामगारांचे डबे करते. एकाची आजी डॉक्टरांनी बजावूनही मिश्री सोडत नाही. एकीच्या आजीनं म्हणे आजोबांशी सहा वर्षं अबोला धरला होता आणि त्या सहा वर्षांत त्यांचं पथ्याचं जेवण एकदाही चुकवलं नव्हतं. हे सगळं त्या मुलांना ठाऊक होतं. पण ते वहीत लिहायचं नसतं, हेही ती कुठेतरी शिकली होती.

पालकहो, ते आपणच शिकवतो. आजी हयात असताना थोडं, आणि ती गेल्यावर फार.

माझी आई या चैत्रात गेली. पंचाहत्तरीच्या आसपास असेल. शाळेचं तोंडच पाहिलं नसल्यामुळे तिच्या जन्माची तारीख कुठल्या दाखल्यावर नव्हती. गावात कुणाचं लग्न झालं तेव्हा ती रांगत होती, यावरून आम्ही तिचं वय धरायचो. आमचं गाव नगर जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला, सीना नदीच्या अंगाला. रब्बीच्या ज्वारीचा, कमी पावसाचा मुलूख. भेटायला माणसं येत राहिली. ‘माउली होती’, ‘कुणाला कधी उलटून बोलली नाही’, ‘सगळं मुकाट्यानं सोसलं’. लोक मायेनंच बोलत होते, पण ऐकताना मला फार एकटं वाटलं. माझी आई मुकाट्यानं काहीही सोसणारी नव्हती. ती उलटून बोलायची, तोंडावर बोलायची आणि पुष्कळदा तिचंच खरं असायचं. जिला मी ओळखत होते तिच्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं. शेजारी माझी भाची बसली होती, सहावीतली. ती हे सगळं ऐकत होती, आणि दोन आठवड्यांत तिच्या मनात आजीच्या जागी एक गुळगुळीत देवी बसणार, हे मला दिसत होतं.

धाकट्या भाच्याचं आणखी वेगळं झालं. तो पहिलीत आहे. अंगणात आजीला ठेवलं होतं तेव्हा कुणीतरी त्याला जवळ घेऊन सांगितलं, ‘आज्जी झोपलीय रे.’ त्या रात्रीपासून पोरगं झोपेना. आईचा पदर मुठीत धरून जागं राहायचं आणि तिचे डोळे मिटले की हलवून उठवायचं. कारण कळायला आम्हाला दोन रात्री लागल्या. मग वहिनीनं त्याला मांडीवर घेऊन सरळ सांगितलं. झोपलेलं माणूस श्वास घेतं, त्याची छाती वरखाली होते, हाक मारली की ते उठतं. आज्जीचं हृदय फार थकलं होतं, ते थांबलं. श्वास थांबला. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येणार नाही. पोरगं खूप रडलं आणि झोपलं.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण कायमचं असतं हे नीट उमगलेलं नसतं. गेलेलं माणूस गावाला गेल्यासारखं परतेल, असं त्यांना वाटत राहतं. म्हणून ‘झोपली’, ‘देवबाप्पानं बोलावून घेतलं’, ‘लांबच्या गावाला गेली’ हे शब्द आपल्याला मऊ वाटले तरी मुलांना ते शब्दशः लागतात. देवबाप्पा बोलावून घेतो म्हटल्यावर मूल संध्याकाळी देवासमोर हात जोडायला घाबरलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? तेच ते प्रश्न मूल पुन्हा पुन्हा विचारतं, तेव्हा तेच उत्तर पुन्हा द्यावं, न कंटाळता. आणि आपल्याला रडू आलं तर त्याच्यासमोर रडावं. माझ्या वर्गात आजी-आजोबा गेल्यावर चार दिवसांनी परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. घरात कुणीच त्यांच्यासमोर रडलेलं नसतं, आणि आपल्यालाच काहीतरी चुकीचं वाटतंय अशा चेहऱ्यानं ती बसून राहतात.

दहावा नदीवर केला. मुलांना नेऊ नका, असं एक-दोघांनी सांगितलं; भावानं नेलं, आणि बरं केलं. पिंड ठेवले. अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कावळा शिवेपर्यंत माणसं ताटकळतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘तिची काही इच्छा राहिली असेल’, आणि नातेवाईक एकेक वचन देऊ लागतात. धाकटीचं लग्न लावून देऊ, कर्ज फेडू, वाद मिटवू. आईच्या पिंडाला मात्र आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. शेजारची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘शिवणारच की. तिनं मनात काय ठेवलंच नव्हतं. जे पाहिजे ते तोंडानं मागून घेतलं.’

त्या दहा दिवसांत आईबद्दल बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य. मी भाचीकडे पाहिलं. तिला ते कळलं होतं.

आपल्याकडे आई म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 मध्ये ते छापून आलं, आणि तेव्हापासून मराठी घरांत ते वाचून डोळे पुसले जात आहेत. मीही पुसले आहेत. पण त्या पुस्तकात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. मुलगा भित्रा म्हणवला जावा हे तिला चालत नाही. ती बाई गरीब आहे, आजारी आहे, आणि तिला कणा आहे. आपण तिचे अश्रू तेवढे आठवणीत ठेवले. हेच आपण घरोघरी आपल्या आईचं आणि आजीचं करतो. तिचं प्रेम ठेवतो आणि तिची इच्छाशक्ती बाजूला सारतो, कारण ती गैरसोयीची होती.

मुलांना ती गैरसोय सांगा, एवढंच माझं मागणं आहे. माझ्या भाचरांना मी काय सांगितलं ते थोडं सविस्तर लिहिते.

1972 चा दुष्काळ. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता, आणि त्या वर्षी तर विहिरींनी तळ दाखवला. गुरं विकली गेली, काही दावणीलाच मेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिची भाकरी थापली जायची नाही, तुटायची, आणि चवीलाही कडवट. कामावर सुकडी वाटायचे. त्या पिढीतल्या कुणाहीसमोर आज ‘सुकडी’ म्हणा आणि चेहरा बघा. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी फोडणं. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांतली एक माझी आई. बावीस-तेवीस वर्षांची, आणि मी तिच्याजवळ अंगावर पिणारी.

खडी फोडायचं काम असं चालतं. पुरुष घणानं मोठे दगड फोडतात. बायका ते तुकडे पुढ्यात घेऊन हातोडीनं बारीक करतात. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड त्या बोटांनी धरायचा आणि उजव्यानं मारायचा. कपची उडाली तर डोळ्याला लागते, हातोडी निसटली तर बोटावर बसते. आईचं डाव्या हाताचं मधलं बोट तेव्हापासून वाकडं होतं. आमच्या घरातल्या सगळ्या लहान मुलांनी ते बोट सरळ करून बघितलंय. फोडलेली खडी ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दिवसाला दोन-तीन रुपये हाती यायचे, तेही माप भरलं तर.

आणि माप भरेना. मुकादम मापाच्या लाकडी चौकटीत खडी भरायला लावायचा आणि भरली की चौकटीला बाजूनं दोन लाथा घालायचा. खडी खाली बसायची, चौकट वरून रिकामी दिसायची, पुन्हा भरा. सगळ्या बायकांना ते दिसत होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण हजेरीपटावरून नाव काढलं तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार? आई चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी तिच्या चौकटीला त्यानं लाथ घातली तशी ती उठली आणि खडीवर जाऊन बसली. मांडीवर मी. ‘लाथ घालायची तर आता घाल,’ म्हणाली. साहेब येईपर्यंत ती तिथून उठली नाही. ऊन डोक्यावर होतं, मी रडत होते, बाकीच्या बायका कामं थांबवून बघत होत्या. साहेब आला, माप पुन्हा झालं, लाथ न घालता झालं, आणि पुढे सगळ्यांचंच तसं व्हायला लागलं. मुकादमानं तिला नंतर आठवडाभर लांबच्या टेकाडावरचा सगळ्यांत कडक दगड दिला. तोही तिनं फोडला.

ही गोष्ट आई स्वतः फारशी सांगायची नाही. तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांनी ती आम्हाला सांगितली. मी मोठी झाल्यावर विचारलं, भीती नाही वाटली का? ती म्हणाली, ‘वाटली ना. पण राग जास्त आला व्हता.’

याच दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना रुजली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरपासून तिचा विचार आणि प्रयोग सुरू केला होता. 1977 मध्ये तिचा कायदा मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि मजुरी मापावर; म्हणजे तेवढंच काम केलं तर बाईला आणि पुरुषाला दर एकच. पुढे 2005 मध्ये देशभरासाठी झालेला रोजगार हमीचा कायदा याच वाटेनं आला. मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखं आहे. मी म्हटलं, आहेच. त्या पुस्तकातल्या धड्यात तुझी आजी बसलेली आहे, चौकटीत, खडीवर. तिचं नाव नाही एवढंच. मुलांना इतिहास परका वाटतो तो यामुळे. घरातल्या माणसाचं वाकडं बोट आणि पुस्तकातलं साल यांची गाठ आपण घालून देत नाही.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची, आणि ही सांगताना मी भावाची परवानगी घेतली आहे.

वडील गेल्यावर वारस नोंदीची वेळ आली. आमच्याकडे, आणि तुमच्याकडेही बहुधा, अशा वेळी लग्न झालेल्या मुलीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं असतं. कुणी जबरदस्ती करत नाही, धरूनच चालतात. 1956 च्या वारसा कायद्यानं वडिलांच्या मागे त्यांच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी सारखे वारस ठरले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये मान्य केला. तरी आजही मुली सह्या करतात, माहेर तुटू नये म्हणून. मीही करणार होते. चुलते कागद घेऊन आले, चहा झाला, पेन पुढे आलं. आई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, ‘तिची सही घ्यायची नाय.’ चुलत्यांनी समजावलं, भावाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आईचा आपल्यावर विश्वास नाही. आई त्याला म्हणाली, ‘खडीवर माझ्या मांडीवर ती व्हती. तू तव्हा नव्हतास. ह्या मातीत तिचं बी ऊन पडलंय.’ आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

माझं नाव लागलं. भाऊ चार-सहा महिने माझ्याशी तुटक बोलत होता. मग एका दिवाळीत तो स्वतःच हुरड्याचं निमंत्रण द्यायला पुण्याला आला. आज तो हे आपल्या पोरीला माझ्यासमोर सांगतो, स्वतःच्या उतरलेल्या चेहऱ्यासकट. ती त्याला विचारते, ‘मग माझी सही पण नाही ना घेणार?’ या प्रश्नासाठी आईचा तो हट्ट सांगायलाच हवा होता. ‘आजी सगळ्यांवर सारखं प्रेम करायची’ या वाक्यातून तो कधीच निघाला नसता.

आता अवघड भाग. तुमच्या मुलांची आजी ही तुमच्यापैकी एकाची सासू असते. मला माझ्या आईचा जो ताठपणा अभिमानाचा वाटतो, तोच वहिनीनं रोज झेललेला आहे. लग्नानंतर कितीतरी दिवस आईनं तिला चुलीशी बसू दिलं नाही, कारण तिच्या भाकरीचा काठ जाड यायचा. ज्वारी उपटायला मात्र पहिल्याच हंगामात नेलं. आमच्याकडची मालदांडी ज्वारी मुळासकट उपटतात. हाताला फोड येतात, फुटतात, त्यावरच दुसऱ्या दिवशी ताट धरावं लागतं. वहिनी शाळा शिकलेली, बाजाराच्या गावातली. तिच्या फोडांवर आईनं रात्री तेल लावलं, आणि सकाळी पुन्हा शेतात नेलं. या दोन्ही गोष्टी त्याच बाईनं केल्या.

गेल्या महिन्यात मी खडीची गोष्ट सांगत होते तेव्हा वहिनी मधेच म्हणाली, ‘माझ्याशी पण ती मुकादमासारखीच वागली काही वर्षं.’ मुलं बसलेली होती. एक क्षण मला वाईट वाटलं. पण ते तिचं खरं होतं आणि सांगायचा हक्क तिचा होता. मी म्हटलं, सांग. तिनं सांगितलं, न चिडता. मग शेवटी हेही सांगितलं की तिला पहिलं बाळंतपण जड गेलं तेव्हा दवाखान्यात तीन रात्री आई जमिनीवर बसून होती आणि घरी आल्यावर सव्वा महिना तिला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. आईला स्वतःला ते कधी मिळालं नव्हतं. मी झाले तेव्हा ती काही दिवसांतच शेतात गेली होती.

म्हणून नवरा-बायको दोघांना मी सांगते: आजीबद्दल बोलायचा मक्ता तिच्या लेकरांनीच घेऊ नये. सुनेला बोलू द्या, जावयाला बोलू द्या. मुलांना गोंधळ होईल अशी भीती नको. एकच माणूस एकाशी असं आणि दुसऱ्याशी तसं वागू शकतं, हे त्यांना शाळेच्या मैदानावर रोज दिसतं. घरात ते मान्य झालं की त्यांना हायसं वाटतं. लहान वयात सगळं सांगावं असं नाही. मारझोड, व्यसन, फसवणूक अशा गोष्टींना वय बघावं लागतं. पण खोटं रंगवू नये. जाणती झाल्यावर मुलांना ते कळतंच, आणि मग आपल्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास जातो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. गेलेल्या आजीची छडी करू नका. पालकसभेत मी हे पुष्कळदा ऐकते. ‘तुझी आजी पाच मैलांवरून पाणी आणायची आणि तुला साधी बाटली भरता येत नाही.’ ‘आजी असती तर तुला बघून काय वाटलं असतं तिला?’ मूल खाली मान घालून उभं असतं. त्याच्या मनात त्या वेळी आजीबद्दल आदर वाढत नसतो. ज्या बाईशी आपली रोज तुलना होते आणि जी आता काही बोलू शकत नाही, तिच्याबद्दल मुलाला हळूहळू कंटाळा आणि मग राग येऊ लागतो. माझी आई भाचरांना कधी म्हणाली नाही की मी एवढे कष्ट केले. उलट त्यांना शेतात जास्त वेळ थांबलेलं तिला आवडायचं नाही. ‘घरी जा, पुस्तक घे’ म्हणायची. तिनं जे सोसलं ते पुन्हा कुणाला सोसावं लागू नये म्हणून तर ती सोसत होती. तेच कष्ट आपण मुलांना आदर्श म्हणून दाखवायचे, हा तिच्यावरच अन्याय आहे.

कष्टांचं कौतुक करताना त्यांची किंमतही सांगा. आईचे गुडघे साठीच्या आतच गेले. कंबर वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. चुलीच्या धुरानं खोकला कायमचा लागला. या गोष्टी ‘तिची सेवा’ नव्हत्या. घरात नळ नव्हता, गॅस नव्हता, बाळंतिणीला विश्रांती नव्हती, आणि तिच्या वाट्याचं काम वाटून घ्यायला दुसरं कुणी उठत नव्हतं, म्हणून त्या झाल्या. यातलं शेवटचं आजही फारसं बदललेलं नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. आजी गेली की तिचं काम कुठे जातं, ते आपल्या घरात एकदा बघा. शेंगा निवडणं, दूध तापवणं, नातवाला शाळेच्या गाडीवरून आणणं, पापड-कुरडया, औषधांच्या वेळा. हे सगळं कुणी न ठरवता सुनेच्या अंगावर येऊन पडतं. शहरात तर आजी म्हणजे घरातलं पाळणाघर असतं. ती गेल्यावर बहुतेक वेळा नोकरी सोडायची चर्चा आईचीच होते, वडिलांची होत नाही.

आमच्या घरी भावानं आईच्या कामांची यादी केली आणि ती वाटली. त्याच्याकडे सकाळची झाडलोट आणि गोठा आला. भाची दूध बघते. आणि धाकटा भाकरी शिकतोय. वहिनीच त्याला काठवटीशी बसवते. त्याला उंडा मळता येतो, पण थापताना भाकरी फाटते. वहिनी त्याला सांगते, ‘काठ जाड आला तरी चालंल.’ हे ती म्हणाली तेव्हा मी तिथे होते, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

ज्यांच्या घरी आजी अजून आहे त्यांना एक विनंती. तिला बोलतं करा आणि ते जपून ठेवा. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 ला गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या जे रचत होत्या त्यातलं काही मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी उतरवून ठेवलं होतं, म्हणून 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक निघालं. जे उतरवलं गेलं नाही ते गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून काम सुरू करून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या काही आज ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात ऐकता येतात. त्यात शेतमजूर बायका आहेत, दलित बायका आहेत, नवऱ्यानं टाकलेल्या आहेत. त्यांच्या रागाला, उपहासाला, मायेला तिथे आवाज आहे. आपल्या खिशातल्या मोबाईलवर हेच काम एका दुपारी होतं. फक्त ‘आजी, काहीतरी सांग ना’ असं विचारू नका. ती म्हणेल, मला काय येतंय. नेमकं विचारा. पहिली मजुरी किती मिळाली आणि तिचं काय घेतलं? लग्न ठरवताना तुला कुणी विचारलं का? कुणावर सगळ्यांत जास्त राग आला होता? काय करायचं राहिलं? मुलांना विचारू द्या. आपल्याला जे विचारायला संकोच वाटतो ते नातवंडं सहज विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं.

आईचा आवाज माझ्याकडे आहे, थोडासा. त्यात ती बियाणं कसं धरायचं ते सांगते आहे. कोणती कणसं बाजूला काढायची, कशी वाळवायची, राखेत कशी ठेवायची. मधेच कुणावर तरी ओरडते. ते ओरडणं मी कापलेलं नाही.

आता एक भांडण आमच्यात चालू आहे. भाऊ म्हणतो, आई खडीवर नुसती बसली नव्हती, तिनं मापाची चौकटच उचलून नाल्यात फेकली होती. त्याला वडिलांनी तसं सांगितलं. मी म्हणते, मांडीवर मूल असताना ती चौकट कशी उचलेल? भाचीनं दोघांचं लिहून घेतलं आणि निकाल दिला की साक्षीदार शोधला पाहिजे. आईबरोबर खडी फोडणारी एक मावशी पलीकडच्या गावात आहे, ऐंशीला टेकलेली, बुद्धी शाबूत. येत्या रविवारी मुलं तिच्याकडे जाणार आहेत. प्रश्न लिहून झाले आहेत. हातोडी किती जड होती, जेवायला काय होतं, आत्या रडायची का, चौकट फेकली की बसली. शेवटचा प्रश्न धाकट्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, ‘मुकादम आज्जीला भ्याला का?’ मावशीला कमी ऐकू येतं म्हणून तो सध्या अंगणात उभा राहून हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा सराव करतोय.